दम धरू नका, दादा

मार्च लागला की टँकवर उन्हाळी बॅचची चौकशी सुरू होते. हल्ली त्यात चार-दोन घरं अशी असतात, ज्यांना पोहण्याशी काही देणंघेणं नसतं, 'स्कूबाचं', म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली जायचं, विचारायचं असतं. मी डायव्हिंग तारकर्लीला शिकलो, पुढं इन्स्ट्रक्टर झालो, काही हंगाम मालवणात बोटीवर काढले आणि मग घरच्या ओढीनं सांगलीत येऊन पोरांना पोहायला शिकवायला लागलो. एक सिलिंडर, त्यातली हवा तोंडाला देणारा एक रेग्युलेटर, दोन-तीन मास्क ही तेव्हाची पुंजी अजून जवळ आहे. मालवणला फेरी झाली की सिलिंडर भरून आणतो आणि जपून वापरतो.

त्या रविवारी सकाळची बॅच सुटत असतानाच तासगावकडचं एक कुटुंब गेटवर आलं. दादा द्राक्षबागायतदार, पंचेचाळिशीचे, मिशा भरदार. सोबत वहिनी, चौदा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि आजी. दादांनी बसायच्या आधीच मोबाईल पुढं केला. कुणा एजंटानं पाच जणांची अंदमानची सहल काढून दिली होती. आकडा दोन लाखांच्या वरचा.

"सर, यंदा माल बरा गेलाय. पोरगं म्हणतंय समुद्राच्या तळाला जायचं. पण एवढं लागतंय का वो?"

लागत नाही. अंदमानचं पाणी देखणं आहे, त्यात वाद नाही. पण त्या दोन लाखांतले बहुतेक पैसे विमानाचे आणि हॉटेलचे. ज्यानं जन्मात कधी तोंडानं श्वास घेत पाण्याखाली डोकं घातलेलं नाही, त्यानं ते पहिल्यांदा तिथं जाऊन करून बघायचं आणि पाचव्या मिनिटाला "नगं, वर घ्या" म्हणायचं, यापेक्षा महागडा प्रकार नाही. मालवणच्या बोटीवर मी हे नेहमी बघायचो. पैसे भरलेले, सूट चढवलेला, आणि माणूस शिडीवरच थिजलेला. घाबरायचं ते सांगलीत घाबरून घ्यावं, असं माझं सरळ मत आहे. कमरेएवढ्या पाण्यात, टँकच्या तिकिटात.

आधी सगळ्यांना कट्ट्यावर बसवून तब्येतीचं विचारलं. कानाचं ऑपरेशन, फिट, हृदयाचं काही, सर्दी. दादा सगळ्याला "काय नाय" म्हणत होते. वहिनी गप्प होत्या. शेवटी आजीच म्हणाल्या, "हिला थंडीत धाप लागती की." वहिनींच्या पर्समध्ये दम्याचा पंप निघाला. दमा असलेल्यानं डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय सिलिंडर लावायचा नसतो. आकसलेल्या श्वासनलिकेमागं हवा अडकली तर वर येताना ती फुगते आणि फुफ्फुस फाडते. मुलगी सात वर्षांची. समुद्रातल्या पहिल्या अनुभवासाठी किमान वय दहा धरतात. किनाऱ्यावर "चालतंय की, आमचा माणूस हात धरतो" म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका म्हणून सांगितलं. आजींचा तर प्रश्नच नव्हता. म्हणजे पाचातले दोनच जण खाली जाणार. खर्च निम्म्याच्या खाली तिथंच आला.

बाकीच्यांना स्नॉर्केल. नळी तोंडात, मास्क डोळ्यावर, अंगात लाइफ जॅकेट, आणि पाण्यावर पालथं पडून खाली बघायचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं पाणी काही ठिकाणी इतकं उथळ आहे की खडकावरचे मासे वरूनही दिसतात. याला कुणी स्कूबा म्हणत नाही आणि त्याचा फोटो स्टेटसला तितका खुलत नाही, म्हणून लोक ते विचारत नाहीत. मुलीनं मात्र दहा मिनिटांत नळी आपलीशी केली आणि टँकच्या तळाच्या फरश्या मोजत फिरायला लागली.

दादांचा मास्क काही बसेना. मास्क मापाचा आहे का हे बघायला पट्टा न लावता तोंडावर टेकवायचा आणि नाकानं हलकेच श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर तो चेहऱ्याला चिकटून राहिला पाहिजे. दादांचा लगेच घसरायचा, कारण सिलिकॉनची कड मिशीवर बसत होती आणि केसांमधून हवा शिरत होती. मी म्हटलं, नाकाखालची बोटभर पट्टी बारीक करा. दादांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गुपचूप व्हॅसलिनची डबी काढली. मिशीवर जाडसर थर दिला, तेव्हा कुठं पाणी थांबलं. काच धुकं धरू नये म्हणून आत थुंकून चोळायचं आणि विसळायचं, हे सांगितल्यावर आजी पदर तोंडाला लावून हसत बसल्या.

मुलगा चटकन शिकला. दादा म्हणाले, "आता माझं बघा. मला पाण्याचं नवल नाय. आमच्या हिरीत बुडी मारून मोटर काढलीय मी, वरची माणसं शंभर मोजायची." पाठीला डबा बांधून शिकलेला, मुटके मारून वाढलेला गडी. त्यांना पाण्याची भीती नव्हती, आणि मला नेमकी त्याचीच धास्ती वाटली.

सिलिंडर पाठीवर, रेग्युलेटर तोंडात, दीड मीटर पाण्यात गुडघ्यावर बसवलं. खूण केली, श्वास घ्या, सोडा. दादांनी छाती फुटेस्तोवर हवा आत घेतली आणि गाल फुगवून बसले. बुडबुडे बंद. मी हातानं खुणावतोय, सोडा, सोडा. त्यांच्या डोळ्यांत कौतुक, की बघा किती वेळ राहतो. मग चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी तळाला पाय दिला आणि वर उसळी घेतली.

मी सिलिंडरच्या जॅकेटचा पट्टा धरून खाली खेचलं आणि दुसऱ्या हातानं पोटावर थाप दिली, तेव्हा कुठं बुडबुड्यांचा लोट बाहेर पडला. नंतर वर आल्यावर गडी चिडला होता. "आवो, वर येत हुतो की!"

कट्ट्यावर बसून समजावलं. विहिरीत तुम्ही श्वास वरून घेऊन जाता. खाली जाताना ती हवा दबते आणि वर येताना मूळच्या मापावर येते. जास्त कुठून होणार? इथं श्वास खालीच घेतलाय, तिथल्या दाबाचा. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, पाच मीटरवर दीडपट. पाच मीटरवर भरून घेतलेली छाती तोंड मिटून वर आणली, तर तीच हवा दीडपट जागा मागणार. फुफ्फुसात ती जागा नाही. टँकमधल्या दीड-दोन मीटरवरूनही, छाती गच्च भरलेली असेल तर इजा होऊ शकते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. "दम धरू नका, दादा. जन्मभर धरला तेवढा पुरे."

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पुन्हा एकदा." त्यानंतरचा अर्धा तास आमचं तेवढंच चाललं होतं. मुलाला पाच मिनिटं लागली तिथं बापाला तीस लागली, पण शेवटी बुडबुड्यांची एकसारखी माळ वर यायला लागली. मला बरं वाटून मी दोन बोटांचं गोल करून विचारलं, ठीक? दादांनी उत्साहात अंगठा दाखवला. मी लगेच त्यांना वर आणलं. पाण्याखाली अंगठा म्हणजे 'वर चला'. कितीतरी पर्यटक आनंदानं अंगठा दाखवतात, गाइड त्यांना वर आणतो आणि पैसे भरलेला डाइव्ह तिथंच संपतो.

मग तारखा. द्राक्षवाल्याचं कॅलेंडर शाळेपेक्षा कडक. माल उतरून झालाय, खरड छाटणी एप्रिलात, मधे बागेला विश्रांती. तेवढीच काय ती फट. मुलाची परीक्षा पुढं असल्यानं मार्चअखेरचा शनिवार-रविवार ठरला. तसं मालवणचं पाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी जास्त नितळ, आणि पावसाळ्यात हे सगळं बंदच. मार्चनंतर दुपारी वारा उठतो आणि पाणी ढवळतं, म्हणून सकाळची पहिली बोट धरा म्हटलं. स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राईड असं एकत्र पॅकेज गळ्यात मारतील, ते घेऊ नका. एका माणसामागं एक गाइड आहे का, पाण्याखाली किती मिनिटं, व्हिडिओचे वेगळे पडतात का, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि बोटीत बसल्यापासून उतरेपर्यंत सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, आजींच्याही. २०२२च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले, तेव्हा ते पाण्याखाली नव्हते, परतीच्या वाटेवर होते.

कानाचा सराव मात्र फोंडा घाटात करा म्हटलं. घाट उतरताना दडे बसतात, तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. इथून मालवणला उतरेपर्यंत हवेच्या दाबात जो फरक पडतो, तेवढा पाण्यात पाऊण मीटर जायच्या आतच पडतो. म्हणून पाण्यात कान दुखायची वाट न बघता दर अर्ध्या मीटरला फुंकायचं. परतीचं उलट. डाइव्ह झाला की लगेच घाट चढायचा नाही, कारण पाण्याखालच्या दाबानं अंगात मुरलेला नायट्रोजन उंचीवर दाब कमी झाला की बुडबुडे धरू शकतो. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान बारा तास थांबायला सांगतात, एकाहून जास्त झाले तर अठरा. पाच मीटरवरच्या पंधरा मिनिटांनी घाटात काही होण्याची शक्यता फार थोडी, पण रात्र मालवणात काढायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. दादा म्हणाले, "म्हंजे मुक्कामाचा खर्च वाढवला." मी म्हटलं, विमानाचा वाचवला की.

पुढच्या रविवारी रात्री फोन आला. पहिल्या बोटवाल्यानं तब्येतीचं काहीच न विचारता सही मागितली, म्हणून दादा उठून दुसऱ्याकडं गेले होते. तिथं माणशी दीड हजार. मुलाला आदल्या दिवसापासून सर्दी होती, ती त्यानं लपवली. दोन मीटरवर कान ठणकला आणि परत आला. पैसे गेले ते गेले. वहिनी आणि मुलीनं स्नॉर्केलवर तासभर काढला आणि घरात सगळ्यात जास्त मासे त्यांनीच बघितले, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे थवेच्या थवे. वहिनी आता डॉक्टरांकडं जाऊन विचारणार होत्या. आजी किल्ल्यावर शिवराजेश्वराच्या मंदिरात जाऊन आल्या. पाच जणांचा दोन दिवसांचा सगळा खर्च वीस हजारांच्या आत, त्यात दोन वेळच्या सुरमईच्या ताटांनीच मोठा घास घेतलेला.

"आणि तुमचं काय झालं?"

"पंधरा मिनटं हुतो खाली. सारखा श्वास घेत हुतो, सोडत हुतो. गाइड म्हणला, आधी केलंय का?"

मी खूश. पण फोन ठेवायची त्यांची तयारी दिसेना.

"सर, एक विचारू का? तुमचा तो सिलिंडर दोन दिवस मिळंल का? हिरीतली मोटर गाळात बसलीय. आता दम धरायची गरजच नाय."

मी सिलिंडर दिला नाही. विहिरीत हाताचं बोट दिसत नाही, केबल आणि दोर पायात अडकतात, सोबतीला खाली दुसरं कुणी नसतं, आणि पंधरा मिनिटांच्या सहलीवर कुणी डायव्हर होत नाही. दादा जरा नाराज झाले. मग म्हणाले, "बरं, पूर्ण कोर्सचे किती पडतात?"

त्याचा हिशेब करायला ते छाटणी उरकल्यावर येणार आहेत. तोवर मोटर काढायला चेन-पुलीवाला सांगितलाय म्हणाले.