कुकरची तार

परवा दुपारी कुकरची शिट्टी होईना, म्हणून तो पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने झाकण उलटंसुलटं करून पाहिलं आणि मुठीपाशी थबकला. "ताई, ही तार कुणी बांधली हो?"

स्क्रूच्या डोक्याला सुईएवढं भोक, त्यातून ओवलेली पोलादी तार, दुहेरी, पीळ वेणीसारखा एकसारखा. टोक बोटाला टोचू नये म्हणून आत वळवून दाबलेलं. बारा वर्षं झाली, मूठ हललेली नाही.

आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं काम, दुसरं कोण! त्यांचं आयुष्य विमानांच्या कामात गेलं. विमानाच्या थरथरीने बोल्ट सैल होतात, म्हणून जिथे सैल होऊन चालणार नाही तिथे ते लॉकिंग वायरने जखडतात. तार अशा बाजूने ओढायची, की बोल्ट सुटायला निघालाच तर तिने त्याला आवळायच्या दिशेलाच खेचावं. "उलटी बांधली तर नुसता दागिना," असं आप्पा म्हणायचे. (तार नाशिकच्या भद्रकालीतल्या दुकानातून विकत आणलेली. कारखान्यातली इंचभरसुद्धा घरी आली नाही.)

1966 साली ते हवाई दलात गेले. 1971 च्या डिसेंबरात गुवाहाटीला होते. तिथून मिग-21 ही लढाऊ विमानं ढाक्याकडे जायची, तेजगावच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकून परतायची. 14 तारखेला तिथल्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेटं सोडली गेली, 16 तारखेला शरणागती. हे सगळं आम्हाला पुस्तकातून कळलं. आप्पांना विचारलं, "युद्धात तुम्ही काय केलंत?" तर उत्तर ठरलेलं, "छत्र्यांच्या घड्या घातल्या." मिग उतरताना वेग कमी करायला मागे पॅराशूट सोडतं. ते गोळा करायचं, घडी करून परत बसवायचं, इंधन भरायचं, की विमान पुन्हा तयार. शाळेत मित्रांना सांगण्यासारखं यात काय होतं? मी आपली ठोकून द्यायचे, की माझ्या वडिलांनी चार विमानं पाडली.

1981 ला दल सोडून ते नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे विमानांच्या सरकारी कारखान्यात लागले आणि 2007 पर्यंत तिथेच. आधी मिग-21, मग मिग-27, शेवटी सुखोई. मिगचा सांगाडा ओझरला व्हायचा, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. धाकट्याला गणितात अकरा गुण पडले, तेव्हा प्रगतिपुस्तकावर सही करताना आप्पा आईकडे बघून म्हणाले होते, "बॉडी ओझरचीच आहे. इंजिनाचं कोरापुटला विचारा." दोन दिवस आई बोलली नाही.

त्यांची खरी कटकट मोजदादीची. एक पान्हा जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान हलायचं नाही. कुठे आत राहिला असेल तर? हा नियम त्यांनी घरीही आणला. सांडशी सापडत नाही म्हणून एका रात्री पावणेदहापर्यंत आम्ही उपाशी. आई करवादली, "अहो, हे स्वयंपाकघर आहे, हँगर नाही!" सांडशी शेवटी पिठाच्या डब्यात निघाली. "बघ," आप्पा म्हणाले, "इंजिनात असती तर?" पिठाच्या डब्याला इंजिन म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला, तेव्हा मी फोन करून म्हटलं, "टीव्ही लावा." ते म्हणाले, "लावलाय." पुढे बराच वेळ नुसता टीव्हीचाच आवाज येत राहिला.

आम्ही लहान असताना कधीकधी बातम्यांत सांगायचे, कुठेतरी मिग कोसळलं. पायलट वाचला असेल तर आप्पा पाणी पिऊन उठायचे. वाचला नसेल, तर न जेवता गॅलरीत जाऊन हत्यारांची पेटी उघडायचे. घरचीच पेटी, सायकलीचे पान्हे, दोन पकडी, हातोडी. सतरंजीवर सगळं ओळीने मांडून मोजायचे. सगळं जागच्या जागी असायचं. पेटी बंद करायचे. थोड्या वेळाने परत कडी वाजायची.