लॅबला आयपी पत्ते का मिळेनात : स्विचवर अ‍ॅक्सेस लिस्ट लावतानाचा माझा अनुभव

आमच्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेतून लेखा विभागाच्या सर्व्हरपर्यंत कोणालाही पोहोचता येत होते आणि ते बंद करण्याचे काम माझ्याकडे आले. प्रयोगशाळा व्हीलॅन २० मध्ये (व्हीलॅन म्हणजे नेटवर्कचा वेगळा केलेला भाग), १९२.१६८.२०.० या नेटवर्कवर होती, सर्व्हर व्हीलॅन १० मध्ये, आणि दोन्हींमधले राउटिंग, म्हणजे एका भागातून दुसऱ्यात पॅकेट (माहितीचे तुकडे) पोहोचवणे, सिस्कोच्या एकाच लेयर ३ स्विचवर होत असे.

कोणते पॅकेट जाऊ द्यायचे आणि कोणते अडवायचे याच्या नियमांची यादी म्हणजे अ‍ॅक्सेस लिस्ट. स्टँडर्ड लिस्ट पॅकेट कोठून आले एवढेच पाहते. मला ते कोठे चालले आहे हेही पाहायचे होते, म्हणून एक्स्टेंडेड लिस्ट लिहिली : पहिल्या ओळीत लेखा सर्व्हरसाठी डिनाय (अडवा), दुसरीत प्रयोगशाळेच्या पत्त्यांना बाकी सर्वत्र परमिट (जाऊ द्या). पत्त्याचा कोणता भाग जुळवायचा हे सांगणारा मास्क येथे नेहमीपेक्षा उलटा, म्हणजे ०.०.०.२५५ असा द्यावा लागतो. स्विच वरून खाली वाचत जातो आणि पहिल्या जुळणाऱ्या ओळीवर निर्णय घेतो, त्यामुळे या ओळींची अदलाबदल झाली असती तर डिनायला काही अर्थच उरला नसता. चूक होऊन मीच बाहेर अडकलो तर जुनी मांडणी परत यावी म्हणून दहा मिनिटांनी रिलोड होण्याची, म्हणजे स्विच पुन्हा सुरू होऊन सेव्ह न केलेले बदल जाण्याची, आज्ञा आधी दिली आणि मगच लिस्ट व्हीलॅन २० च्या इंटरफेसवर ‘इन’ दिशेने, म्हणजे प्रयोगशाळेकडून स्विचमध्ये येणाऱ्या पॅकेटवर, लावली. तपासणीत सर्व ठीक दिसल्यावर रिलोड रद्द करून मांडणी सेव्ह केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळा सहायकांचा फोन आला, “सर, एकाही मशीनला नेट नाही.” जाऊन पाहतो तर प्रत्येक पडद्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा, मशीनने स्वतःच घेतलेला पत्ता होता, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सेवेकडून काहीच मिळालेले नव्हते. लीज, म्हणजे मिळालेला पत्ता वापरण्याची मुदत, आठ तासांची असल्याने आदल्या संध्याकाळी जुन्या पत्त्यांवर सर्व सुरळीत चालले होते आणि रात्रीत त्या लीज संपल्या होत्या. पत्ता नसलेले मशीन ०.०.०.० या पत्त्यावरून विचारणा करते. तो माझ्या परमिटमध्ये बसत नव्हता, आणि लिस्टच्या शेवटी न लिहिलेला जो ‘बाकी सर्व डिनाय’ असतो, त्याने प्रत्येक विचारणा अडवली होती.

ओळींना १०, २० असे क्रमांक असल्यामुळे लिस्ट न मोडता ५ क्रमांकावर नवी ओळ घालता आली : यूडीपी, पोर्ट ६८ वरून ६७ कडे (डीएचसीपीची विचारणा याच मार्गाने जाते), परमिट. पहिल्या मशीनवर आयपीकॉन्फिग रिन्यू ही पत्ता नव्याने मागण्याची आज्ञा देताच १९२.१६८.२० चा पत्ता आला. तेथूनच लेखा सर्व्हर उत्तर देतो का हे पाहायला त्याला पिंग केले, ते अडले, आणि मग मांडणी पुन्हा सेव्ह केली.