मासुंद्याच्या पायऱ्या

मंगळवार

आज कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. आठ-दहा दिवस आतून टक्‌ टक्‌ असा बारीक आवाज येत होता, साधी फाइल उघडायलाही मिनिटभर लागत होतं. पावसाळी हवा असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. दुपारी सीपीयू प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून रिक्षाने नौपाड्यातल्या नेहमीच्या दादांकडे नेला. त्यांनी डिस्क काढून केबलने आपल्या मशीनला जोडली, थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, ‘‘ताई, सेक्टर गेलेत. आधी काय काय हवंय ते सांगा, तेवढं उतरवून घेतो. दुरुस्तीचा प्रोग्रॅम आत्ता चालवायचा नाही. त्या ताणानेच डिस्क बसते.’’

मी म्हटलं, डी ड्राइव्ह आणि डेस्कटॉप. माझं सगळं काम तिथेच असतं. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, भजनी मंडळाच्या वह्या, सरांचं पुस्तक. सी ड्राइव्हमध्ये काय, विंडोज आणि प्रोग्रॅम; ते परत टाकता येतात. असंच वाटलं मला. हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवते आहे.

मिनिटाला ७२०० फेरे मारणारी तबकडी २०१९ पासून रोज दहा-दहा तास फिरत होती. तिने पुष्कळ केलं. तिच्या जागी आता ५०० जीबीची एसएसडी आली आहे. आत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे आवाजही नाही.

बुधवार, रात्री

घोडबंदर रोडवरून भाचा आला होता. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज ११ घेऊनच आला. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, मग पुन्हा तीच कशाला टाकायची, असं त्याचं म्हणणं. प्रॉडक्ट की विचारणारा चौकोन आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण बिल कुठे आहे ते मला आठवेना. त्याने सरळ ‘की नाही’ असं दाबलं. ‘‘मावशी, लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं. डिस्क बदलली म्हणून जात नाही.’’ आणि खरंच, नेट जोडल्यावर विंडोज आपणहून चालू झालं. ५०० जीबीची डिस्क ४६५ का दिसते तेही त्यानेच समजावलं: विकणारे हजारांनी मोजतात, विंडोज १०२४ नी.

प्रिंटर, ब्राउझर, पीडीएफ, यात रात्रीचे दहा वाजले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

पण मराठी टाइप करायला बसले आणि बोटं अडली. १९९१ मध्ये मी मिनिटाला तीस मराठी शब्दांची परीक्षा टाइपरायटरवर दिली, आणि तेव्हापासून माझी बोटं टाइपरायटरच्याच जागा ओळखतात. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्या जशाच्या तशा होत्या. विंडोजमधल्या मराठी कीबोर्डमध्ये त्या नाहीत. तिथे इन्स्क्रिप्ट आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. मांडणी शहाणपणाची आहे हे मला पटतं. तरी ‘श्री गणेशाय नमः’ लिहायला आज चार मिनिटं लागली.

शुक्रवार

जुनं सॉफ्टवेअर परत येणार नाही.

सीडी कपाटात नीट होती. या कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्ह नाही म्हणून शेजारून बाहेरची आणली. सिरियल नंबर पाकिटावर माझ्याच अक्षरात होता. सगळं पुढे सरकलं आणि शेवटच्या पायरीवर नंबर नाकारला गेला. कंपनीला फोन केला. ती आवृत्ती बंद केली आहे, नवीन घ्या, असं उत्तर मिळालं. मी पैसे देऊन घेतलेली वस्तू होती ती. उसनी नव्हती, चोरीची तर नव्हतीच. या उत्तराचा मला राग आला आणि अजून तो गेलेला नाही.

संध्याकाळी सरांची फाइल उघडली. पानभर डॉलरची चिन्हं, कंस, स्वल्पविराम आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. एक अक्षर मराठी नाही.

चरईतले सर गेले त्याला आता सहा वर्षं झाली. त्यांनी ठाण्याच्या तलावांवर ११२ पानांचं पुस्तक लिहिलं होतं. मासुंदा, कचराळी, सिद्धेश्वर, आणि बुजवलेले कितीतरी. २००७ मध्ये मी ते जुळवलं. मजकूर वर्डमध्ये टाइप करायचा आणि पेजमेकरमध्ये पानं लावायची, अशी तेव्हाची रीत. सर रोज संध्याकाळी कोपिनेश्वराच्या देवळातून परस्पर आमच्याकडे यायचे, शेजारी खुर्ची घेऊन बसायचे आणि पडद्यावर प्रत्येक ओळ वाचायचे. त्यांच्या मुलीला आता दुसरी आवृत्ती काढायची आहे. ‘‘फाइल आहे ना ताई?’’ असं तिने मागच्या महिन्यात विचारलं, आणि मी अगदी ठामपणे ‘आहे’ म्हटलं.

फाइल आहेच. पण आपण ‘क’ टाइप करायचो तेव्हा फाइलमध्ये ‘क’ जात नव्हता. जात होतं एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्या चिन्हाच्या जागी ‘क’ चं चित्र दाखवायचा. फॉन्ट गेला की चित्र गेलं. आणि फॉन्ट होता सी ड्राइव्हमध्ये, विंडोजच्या फोल्डरात. लगेच दादांना फोन केला. त्यांनी डिस्क पुन्हा लावून पाहिली. आता ती दिसतच नाही म्हणाले.

युनिकोड या जगभरच्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, फॉन्ट कुठलाही असो. देवनागरी त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. म्हणजे मी परीक्षा दिली त्याच वर्षापासून. पण पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं, छापखान्यालाही जुनेच फॉन्ट हवे असायचे. मी त्यांच्याबरोबर चालत राहिले.

रविवार

फॉन्ट नसला तरी वर्ड त्याचं नाव दाखवतो. त्या नावावरून भाच्याने रूपांतर करणारा प्रोग्रॅम शोधला, आणि दहा सेकंदांत सरांचं पुस्तक मराठीत परत आलं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मग वाचायला बसले. विसर्जन ‘विसजर्न’ झालं होतं, मार्ग ‘मागर्’. टाइपरायटरच्या पद्धतीत रफार अक्षर झाल्यावर द्यायचा, युनिकोडमध्ये र आधी येतो. पहिल्या वेलांटीचं उलट: आम्ही ती अक्षराच्या आधी टाइप करायचो, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर असते. हे गोंधळ बरेचसे प्रोग्रॅमच निस्तरतो, जोडाक्षर आलं की चुकतो.

पण खरं काम वेगळंच निघालं. मासुंद्याच्या पायऱ्यांवर एक अख्खं प्रकरण आहे, आणि प्रत्येक पायऱ्या ‘पायर्या’ झाल्या आहेत. सगळीकडे एकदम बदलावं तर सूर्याचा ‘सूऱ्य’ होईल, कार्याचं ‘काऱ्य’. ‘पायऱ्या’मधला हा आडवा र मराठीला लागतो. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला फरक यंत्राला सांगून कळत नाही. तो डोळ्यांनीच पाहावा लागतो. तेव्हा एकेक शब्द घेते आहे. ल आणि श सुद्धा हिंदी वळणाचे दिसत होते. २००९ च्या शासन निर्णयातले मराठी वळणाचे ल-श असलेला फॉन्ट लावला तेव्हा पान ओळखीचं वाटलं.

मुलीने छापील प्रत आणून दिली आहे. समासात सरांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. पान ४१ वर त्यांनी एका शब्दाभोवती गोल काढून ‘तपासणे’ लिहिलंय. तेव्हा, २००७ मध्ये, माझ्याकडून ते राहून गेलं होतं. शब्द आहे ‘पायर्‍यांशी’. छापताना आडवा र फिका उमटला आणि रेघ तुटली. आज तो नीट केला.

नव्या फॉन्टच्या फायली, सिरियल नंबर, फोटो काढलेली बिलं हे सगळं एका फोल्डरात घालून दोन पेनड्राइव्हवर उतरवलं. एक भाच्याकडे राहील. जुने सगळे मजकूर एकेक करून युनिकोडमध्ये आणायचे आहेत, भजनी मंडळाच्या वह्या आधी, कारण त्यांच्या छापील प्रती कुणाकडेच नाहीत.

इन्स्क्रिप्टवर आज एक पान पुरं केलं. पंचेचाळीस मिनिटं.

उद्या पान ६३ पासून, कचराळी.