टॉप हातात, पिन सॉकेटात

सोमवारची सकाळ, सात वाजून दहा मिनिटं. लेकाचा युनिफॉर्म इस्त्री करून झाला, बटण बंद केलं, इस्त्रीचा टॉप (म्हणजे प्लग) ओढला आणि टॉपचं प्लास्टिक हातात आलं. डावीकडची पिन सॉकेटातच. सेंटीमीटरभर पितळ बाहेर डोकावत होतं आणि आमच्या बेडरूमचा तो बोर्ड जमिनीपासून दोन फुटांवर, म्हणजे बरोब्बर आमच्या सहा वर्षांच्या कार्ट्याच्या हाताला येईल असा.

चूक माझीच होती खरं तर. टॉपला तडा जाऊन दोनेक महिने झाले होते, मी त्याला टेप गुंडाळून ठेवली होती. इस्त्री झाली की तो चांगला गरम लागायचा आणि मी म्हणायचे इस्त्रीच गरम तर टॉपही होणारच की. पण तसं नसतं ना. १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर सव्वाचार-साडेचार अँपिअर घेते, ६ अँपिअरच्या टॉपला त्याचं काही वाटायला नको. तरी तापतोय म्हणजे पिन सॉकेटात सैल बसतेय नाहीतर आतला स्क्रू ढिला झालाय. सैल जागी ठिणग्या पडतात, पितळ काळं होतं, प्लास्टिक भाजून भाजून कुरकुरीत होतं आणि मग एक दिवस हे असं. त्यात मला वायर धरून ओढायची सवय. असो.

नवरा पक्कड घेऊन हजर. म्हणाला बाजूला हो, काही नाही, बटण बंद आहे, आणि फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, उजवीकडे असते, ही डावीकडची म्हणजे न्यूट्रल, करंट परत नेणारी, करंट येईलच कुठून? तसं बघितलं तर बरोबरच बोलत होता. समोरून बघताना वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. पण मी म्हटलं ड्रॉवर उघडलाच आहेस तर टेस्टर पण काढ, एकदा लावून बघू, काय जातंय आपलं.

टेस्टर पेटला.

दोघंही गप्प. बटण परत बघितलं. बंदच होतं. परत लावला, परत पेटला. मी पहिलं काय केलं तर लेकाला उचलून हॉलमध्ये नेऊन टाकलं आणि बेडरूमचं दार लावून घेतलं, मग समोरच्या काकांना हाक मारली. काकांनी आयुष्यभर कारखान्यात मेंटेनन्सचं काम केलंय, आमच्या मजल्यावर काहीही बिघडलं की तेच.

काका आले, बघितलं आणि हसले, म्हणाले, "अरे, तुमच्या बोर्डात वायरी उलट्या मारल्यात. फेज थेट डाव्या भोकात आणि बटणातून न्यूट्रल फिरवलाय. बटण बंद केलं की इस्त्री बंद पडते, पण करंट तिथेच उभा असतो." म्हणजे इतकी वर्षं आम्ही बटण बंद करून निवांत असायचो आणि तो बिचारा भोकात वाट बघत बसलेला.

नवऱ्याने मेन खाली पाडला. आणि डोक्यावरचा पंखा फिरतोच आहे! मग डोक्यात ट्यूब पेटली, इन्व्हर्टर. बेडरूमचे बोर्ड इन्व्हर्टरवर आहेत, म्हणजे मेन पाडून टेस्टर न लावता पक्कड घातली असती तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही करत नाही. काकांनी मेन परत चढवायला लावला, टेस्टर आधी फ्रिजच्या सॉकेटात घालून पेटतोय ना ते बघितलं (टेस्टरच मेलेला असला तर तो कुठेही पेटणार नाही आणि आपण खुश), मग मेन बंद, इन्व्हर्टर बंद, पिनेला टेस्टर, नाही पेटला, आणि तेव्हाच पक्कड हातात घेतली. तीसुद्धा दांड्याला अखंड प्लास्टिक असलेली. पिन न पिळता सरळ बाहेर ओढली, दोन सेकंदांचं काम. टोक काळंकुट्ट झालेलं.

मी विचारलं, काका, शॉक बसलाच असता तर एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडला असता ना? ते म्हणाले, अगं तो वायरी जळू नयेत म्हणून असतो, तुझ्यासाठी नाही. हिशोब असा की ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास धरला तर २३० व्होल्टला अंगातून जाणार पाव अँपिअरच्याही आत. माणूस मरायला तेवढा पुष्कळ, आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसासाठी असतो तो आरसीसीबी, म्हणजे थोडासा करंट गळला तरी लाइन तोडणारा स्विच, ३० मिलीअँपिअरवाला, टेस्टचं बटण असलेला. आमच्याकडे नव्हताच. रबरी चपला घालून केलं की काही होत नाही असं माझ्या सासरी सगळे म्हणतात, पण दुसरा हात भिंतीला किंवा लोखंडी कपाटाला लागला की चपला काय करणार?

टॉप बदलणं मात्र सोपं निघालं. आयएसआय मार्कवाला नवा आणला. हिरवी-पिवळी वायर वरच्या जाड पिनेला, आणि ती आत थोडी लांब ठेवायची म्हणजे कधी हिसका बसलाच तर ती शेवटी सुटेल. तांब्याचे केस घट्ट पिळून घ्यायचे, एकही बाहेर नको, आणि आतल्या पट्टीखाली वायरचं वरचं आवरण दाबलं गेलं पाहिजे, नुसत्या बारीक वायरी नाही. ती अर्थिंगची पिन लांब असते ना, ती आत जाताना सगळ्यात आधी लागते आणि निघताना सगळ्यात शेवटी सुटते, चांगल्या सॉकेटात बाकीच्या भोकांची झाकणंही तीच उघडते. आणि आपण काय करतो, टू पिन जात नाही म्हणून त्या भोकात रिफिल खुपसतो. मी पण केलंय हे, उगाच कशाला खोटं बोलू.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला, तो सॉकेट काढून फेकला (आतल्या पट्ट्या पार फाकलेल्या होत्या), आरसीसीबी बसवला आणि मी त्याला घरातला एकेक बोर्ड टेस्टर लावून बघायला लावला. हॉलमधला एक आणि आमच्या बेडरूममधले दोन, असे तीन उलटे निघाले. गिझरचा शेवटी राहिला होता. तो बाथरूममध्ये गेला, मी बाहेर दाराशी उभी, आतून आवाज आला, "हा बरोबर आहे ताई," तेव्हा कुठे मी जाऊन चहा टाकला.