आईच्या डोळ्यातनं पाणी यायचं आणि डॉक्टर म्हणाले डोळे कोरडे आहेत

आमची आई कोल्हापुरात गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, एका दुकानाचे दागिने घरी गाठवून देते. साजाची पानं, मणी, बारीक दोरा, सगळं नजरेचं काम. गेल्या वर्षी तिला संध्याकाळ झाली की डोळ्यात वाळू गेल्यागत टोचायला लागलं आणि गाडीवर मागं बसली की वाऱ्यानं घळाघळा पाणी. घरात सगळ्यांचं एकच, नंबर वाढला असणार.

डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटं डोळे मिटून बसवलं. शिर्मर टेस्ट म्हणतात. पट्टी साधारण १० मिलिमीटरच्या पुढं भिजायला पाहिजे, आईची ५ पर्यंत पण गेली नाही. मग एवढं पाणी कुठलं? तर डोळा कोरडा पडून चुरचुरला की तो एकदम पाणी सोडतो पण ते नुसतंच वाहून जातं, डोळ्यावर टिकायला वरनं तेलाचा पातळ थर लागतो, तो पापणीच्या कडेच्या ग्रंथी देतात. त्यात बारीक काम करताना किंवा मोबाईल बघताना पापण्या कमी लवतात, म्हणजे आहे ते पण सुकतं. पाळी गेल्यावर बायकांना हे जास्त होतं, घरात कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय.

औषध साधंच, कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचे, म्हणजे डोळा ओला ठेवणारे कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप दिवसातनं ४ वेळा, रात्री झोपताना जेल. पण डॉक्टर म्हणाले ते मला फार पटलं, "काकू, आग व्हायची वाट बघायची नाही, आधीच घालायचं." आता आई कामाला बसायच्या आधी मान मागं टाकून खालची पापणी ओढते, एकच थेंब, बाटलीचं टोक कुठं टेकवत नाही, मग मिनिटभर डोळे मिटून गप्प. बाटलीवर चिकटपट्टी लावून फोडलेली तारीख पेननं लिहिलीय, महिना झाला की उरलेलं टाकून द्यायचं.

यानं आजार मुळापासनं जात नाही, ड्रॉप घालतच राहायला लागतात. पण लग्नसराईची ऑर्डर ती परत घ्यायला लागलीय आणि संध्याकाळी रंकाळ्यावर वारा असला तरी येते, मला एवढं खूप आहे बघा.

फक्त मेडिकलमधनं डोळ्याची लाली घालवणारे कुठलेपण ड्रॉप आणू नका, त्यात स्टेरॉइड असलं आणि ते बरेच दिवस घातलं तर डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो. दिवसातनं ६ वेळांपेक्षा जास्त लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवायला घातलेलं रसायन) नसलेले मागा. आणि डोळ्याबरोबर तोंडाला पण कोरड पडत असेल, सांधे दुखत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, ते मग रक्ताच्या तपासण्या लिहून देतात.