निसर्गाशी नातं, २०० शब्दांत

"आपला घर आसा मां थय. रवाक अर्ज कित्याक करूक व्हयो?"

आर्टिस्ट रेसिडेन्सीचा, म्हणजे चित्रकारांनी एका जागी राहून काम करायच्या कार्यक्रमाचा, फॉर्म भरत होते. आंबोलीच्या बाजूला, महिनाभर, जुलैत. आई मागून भाजी निवडत वाचत होती.

मी पोर्टफोलिओ, स्टेटमेंट, दोन शिफारसपत्रं असं काहीबाही सांगितलं. ती म्हणाली, "आणि कागद सुकतलो खय?"

खरंय. जुलैत तिथे जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ थर, तासन् तास ओला राहतो. ३०० जीएसएमचा जाड कागदही दमट होऊन मऊ पडतो. लहानपणी आमच्या वह्या चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचे, त्यांना वर्षभर धुराचा वास. फॉर्ममध्ये हे विचारणारा रकाना नाही. "निसर्गाशी तुमचं नातं २०० शब्दांत" एवढाच आहे.

तिथे मी 'सह्याद्रीच्या कुशीत'ने सुरुवात केली होती. (हो, मीच. लाज वाटली.) खोडलं. मग चुलीवरच्या वह्यांचं लिहिलं. ११४ शब्दांत संपलं, पुढे सुचेना.

आमचं घर तिथून दीड तासावर, चार वर्षं बंद. किल्ली आईच्या कपाटात, हळदीकुंकवाच्या डबीशेजारी.

फॉर्म पाठवलाय. निवड झाली तर आईला काय सांगू, 'शेजारच्या डोंगरात पाहुणी म्हणून जातेय'?