सोयाबीन सोडत का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

पुण्याहून, नागपूरहून कोणी पाहुणे आले की हा प्रश्न ठरलेला. ‘सोयाबीन परवडत नाही म्हणता, मग दुसरं काही का नाही पेरत?’ आमचं घर इंदूरला रामबागेत, जमीन सांवेरकडे. शेती धाकटे भावजी बघतात, हिशेबाच्या वह्या माझ्याकडे. म्हणून उत्तर मी देते, आणि सविस्तर देते. कारण या प्रश्नात शेतकऱ्याला कळत नाही असं धरलेलं असतं, आणि ते मला मुळीच मान्य नाही.

माळव्याची काळी माती पावसात भिजली की पाय रुतून बसतो. पूर्वी म्हणूनच इथली पुष्कळ रानं पावसाळाभर पड ठेवत आणि त्या ओलीवर गहू-हरभरा घेत. सत्तरच्या दशकापासून सोयाबीन पसरलं ते या रिकाम्या चार महिन्यांत. जूनअखेर चार इंच पाऊस झाला की पेरा, नव्वद-शंभर दिवसांत काढा, आणि दिवाळीच्या सुमारास त्याच रानात गहू, लसूण नाहीतर बटाटा. पुढे लवकर येणारी वाणं आली, तसं हे वेळापत्रक आणखी घट्ट बसलं.

आता याच्या जागी काय घालायचं? तुरीची नेहमीची वाणं जानेवारीपर्यंत रान अडवतात, म्हणजे गहू गेला. कपाशीचं तेच. मका वेळेत निघतो, पण कणसं भरायला लागली की घोडारोज (नीलगाई) आणि रानडुकरं एका रात्रीत शेत आडवं करतात, आणि राखणीला माणूस मिळत नाही. उडीद पेरला आणि काढणीत पाऊस आला, तर शेंगेतच कोंब फुटतात. पाहुणे एका पिकाचं बोलतात. आम्हाला खरीप आणि रब्बी मिळून वर्ष जुळवावं लागतं.

उत्पन्न कमी आहे, हे खरं. आपल्याकडे सरासरी हेक्टरी दहा-अकरा क्विंटल निघतं, ब्राझीलमध्ये त्याच्या तिप्पट. पिवळा मोझॅक, खोडमाशी, काढणीतला पाऊस, सगळं आहे. पण सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था इंदूरलाच १९८७ पासून आहे, वाणांवर काम चालू आहे. ती बाजू मला तितकी अंधारी वाटत नाही. भावाची वाटते.

मंडीत ट्रॉली रांगेत लागते. नीलामी आपल्यापर्यंत आली की व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळचा माल वर काढतो, मूठभर दाणे तळहातावर चोळतो, एक दाताखाली फोडतो. कट्‌कन फुटला तर सुका, दबला तर ओला. बोली सुरू होते, संपते, घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. मग माल तोलणारे तुलावटी आणि हमाल. चार महिन्यांच्या कष्टाचा भाव ठरायला तेवढीच मिनिटं लागतात. तरी मला मंडी हवीच आहे. बोली उघड्यावर लागते, शेजारच्या ट्रॉलीला काय मिळालं ते दिसतं. २०२० चे तीन कृषी कायदे आले आणि २०२१ मध्ये मागे घेतले गेले. त्या सगळ्या भांडणात मंडी असावी की नसावी यावरच जोर राहिला, आणि भाव खरा कुठे ठरतो हे बाजूला पडलं.

तो ठरतो बराच लांब. सोयाबीनमध्ये तेल अठरा-वीस टक्के, बाकी बहुतेक पेंड. पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात. अलीकडे मका आणि तांदळापासून इथेनॉल वाढलं, त्याचा चोथा स्वस्तात त्याच खाद्यात जायला लागला, आणि पेंडेची मागणी घटली. तेलाचं म्हणाल तर देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयातशुल्क लावलं. मे २०२५ अखेर ते १० वर आणलं, म्हणजे आमच्या पेरणीच्या तोंडावर. त्याआधी २०२१ च्या ऑगस्टमध्ये काही मंड्यांत क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव गेला होता. तेव्हा १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी मिळाली, आणि नवा माल येईतो भाव उतरला. तेल स्वस्त हवं हे मला कळतं, माझ्याही घरात तेलाची पिशवी विकतच येते. पण तो स्वस्तपणा दर वेळी आमच्याच ट्रॉलीतून का वळता करायचा?

हमीभाव आहे ना, असं इथे कोणीतरी म्हणतंच. २०२४ मध्ये तो ४,८९२ रुपये होता आणि मंड्यांत भाव चार हजारांच्या आसपास. तेव्हा इथले शेतकरी सहा हजारांची मागणी घेऊन ट्रॅक्टरसकट रस्त्यावर आले. मध्य प्रदेशात २०१७ मध्ये भावांतर योजना आली होती, हमीभाव आणि बाजारातला सरासरी भाव यांतला फरक खात्यात जमा करणारी. २०२५ मध्ये सोयाबीनसाठी ती पुन्हा आणली. पैसे मिळतात, नाकारत नाही. पण विक्रीची मुदत ठरलेली, म्हणून सगळे त्याच आठवड्यांत माल आणतात आणि भाव आणखी दबतो.

मला विचाराल तर दोन गोष्टी आधी करा. आयातशुल्क पेरणीच्या आधी जाहीर करा आणि नवा माल मंडीतून उठेपर्यंत हलवू नका. भाव कमी असेल तर कमी, पण जूनमध्ये कळू द्या, म्हणजे किती एकर सोयाबीन आणि किती दुसरं, हे भावजी ठरवू शकतील. दुसरं, गोदाम. ऑक्टोबरात माल विकायची हौस कोणाला नसते. पण गव्हाचं बियाणं, डीएपी खत, डिझेल आणि गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज एकदमच समोर उभं राहतं. गोदामाच्या पावतीवर कर्ज मिळावं म्हणून २००७ चा कायदा आहे. पण पंधरा क्विंटल माल असलेल्याने तो शहराजवळच्या गोदामापर्यंत न्यायचा, भाडं भरायचं, पावती घेऊन बँकेत बसायचं, हे होत नाही. तेच गोदाम गावच्या सोसायटीच्या आवारात असलं, कर्जही तिथेच मिळालं, तर डिसेंबरपर्यंत थांबता येईल. सुधारणेसाठी पैसा असेल तर पहिला तिथे लावा.